डिस्क घातली तरी पिक्चर लागत नाही? नवा ड्राइव्ह घेण्याआधी हे करून बघा

चतुर्थी जवळ आली की माळ्यावरून मखराच्या सामानाबरोबर जुन्या डिस्कची पिशवीपण खाली येते. डबलबारीच्या, म्हणजे भजनांच्या सामन्याच्या व्हीसीडी, जत्रेतल्या स्टॉलवर घेतलेली दशावतारी नाटकं, थोरल्याच्या लग्नाची डीव्हीडी, कुणाचं तरी बारसं. मुंबईचे चाकरमानी लॅपटॉप घेऊन आलेलेच असतात. डिस्क आत जाते, ड्राइव्ह जरा घुरघुरतो आणि गप्प बसतो. मालवणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे पुढचं बोलणं मला पाठ आहे: "गो बाय, ह्यो ड्राइव्ह मेलो वाटता. आदी डिस्क घातली काय आपसूक पिक्चर लागायचो, आता काय्येक होणा नाय. नवीन घालून दी."

नवीन घालून द्यायला माझी कसली हरकत, धंदाच तो. पण ड्राइव्ह बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि नवा बसवला तरी पिक्चर लागत नाही. मग तेच गिऱ्हाईक परत येतं, आणि या वेळी ते माझ्यावर चिडलेलं असतं. म्हणून मी आधी एकच विचारते: आपोआप लागत नाही, की हाताने लावलं तरी लागत नाही? पहिल्यात दोष सेटिंगचा किंवा प्लेअरचा. दुसऱ्यात डिस्क, भिंग, वायर किंवा ड्राइव्ह.

आधी हाताने लावून बघा

विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, डावीकडे "धिस पीसी" निवडा. तिथे ड्राइव्हचं चित्र दिसेल. त्यावर दोनदा टिचकी मारू नका, कारण तसं केलं की विंडोज पुन्हा स्वतःचंच डोकं चालवतो. उजवी टिचकी मारून "ओपन" करा आणि आत काय दिसतं ते नीट बघा.

"व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर असेल तर ती पिक्चरची डीव्हीडी. "एमपेगएव्ही" नावाचं फोल्डर आणि त्यात शेवटी डीएटी असलेली मोठी फाइल असेल तर ती व्हीसीडी. यातलं काहीच नसून नुसत्या एमपी४ किंवा एव्हीआय फाइली असतील, तर कुणीतरी पेन ड्राइव्हसारख्या फाइली टाकून दिलेली ती डिस्क आहे. अशी डिस्क विंडोजच्या लेखी पिक्चरची डीव्हीडी नसतेच, त्यामुळे ती आपोआप लागायची वाट बघण्यात अर्थ नाही. फोल्डर उघडा, फाइल चालवा, विषय संपला.

आत नाव-फाइली दिसल्या म्हणजे ड्राइव्ह जिवंत आहे आणि निदान डिस्कची सुरुवात तरी वाचतोय. तुमचं काम सोपं झालं, पुढचे दोन भाग वाचा. ड्राइव्हचं चित्र आहे पण आत रिकामं दाखवतोय, किंवा "डिस्क घाला" म्हणतोय, तर सरळ डिस्कच्या भागाकडे जा. चित्रच नसेल तर वायरीकडे.

पूर्वी लागायचं, आता का नाही

यात तुमचा दोष नाही. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी चालवायची सोय आतच होती. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ती मीडिया प्लेअरमधून काढून टाकली. विंडोज १० आणि ११ मध्येही ती नाही. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबून बसवलेलं असतं, आणि ते उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवान्याचे पैसे भरावे लागत. लॅपटॉपवाल्यांनी ड्राइव्हच काढून टाकायला सुरुवात केली, मग त्या पैशांत मायक्रोसॉफ्टला काय रस राहणार? म्हणजे मशीन डिस्क वाचतं, डीव्हीडी आहे हे ओळखतं, पण ती कुणाच्या हवाली करायची हेच त्याला ठाऊक नसतं.

उपाय फुकट आहे: व्हीएलसी मीडिया प्लेअर. डीव्हीडी, व्हीसीडी, डीएटी फाइल, सगळं चालवतो. घ्यायचा तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच, व्हिडिओलॅन या संस्थेच्या. २०२२ मध्ये भारतात ते संकेतस्थळ बंद केलेलं होतं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुलं झालं. मधल्या काळात लोकांनी कुठून कुठून उतरवून घेतलेल्या "व्हीएलसी"सोबत काय काय आलं ते मी साफ केलेलं आहे. तसला असेल तर काढा आणि नवा घाला.

बसवताना एक पडदा येतो, त्यात काय काय हवं याच्या चौकटी असतात. लोक "नेक्स्ट, नेक्स्ट" करत पुढे पळतात. तिथे डिस्क प्लेबॅकची चौकट असते, तिच्यावर खूण आहे ना ते बघा. ऑटोप्ले म्हणजे डिस्क घातली की आपोआप काय लावायचं ते ठरवणारी विंडोजची सोय, आणि त्या खुणेमुळेच व्हीएलसीचं नाव तिच्या यादीत जातं. खूण नसली तर व्हीएलसी हाताने छान चालेल, पण आपोआप कधीच उठणार नाही.

आता व्हीएलसी उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, डीव्हीडी किंवा व्हीसीडी निवडा आणि "प्ले" करा. चित्र आलं? मग उरली फक्त सेटिंग. मेनूवरच अडकून बसला तर त्याच पडद्यावर "नो डिस्क मेनूज"वर खूण करून परत लावा. आपल्याकडच्या लग्नाच्या डीव्हीडींना व्हिडिओवाल्यांनी हौसेने गुलाबाच्या पाकळ्यांचे मेनू घातलेले असतात, ते बऱ्याचदा असे अडतात.

ऑटोप्लेची खरी जागा

विंडोज १० आणि ११ च्या नव्या "सेटिंग्ज"मध्ये ऑटोप्लेचं पान आहे, पण तिथे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाचीच विचारपूस होते. डीव्हीडीचं नाव तिथे शोधून सापडत नाही आणि माणूस वैतागतो. वरचं मुख्य बटण मात्र चालू आहे ना ते तिथे बघून घ्या, आणि मग जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये जा. खालच्या शोधपट्टीत "कंट्रोल पॅनल" टाइप करा, "हार्डवेअर अँड साउंड" आणि त्यात "ऑटोप्ले".

सगळ्यात वर "यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस" अशी ओळ आहे, तिच्यावर खूण हवी. खाली यादीत "डीव्हीडी मूव्ही" शोधा आणि समोरच्या पेटीत व्हीएलसीने चालवायचा पर्याय निवडा. "व्हिडिओ सीडी"ची ओळ वेगळी आहे, तिलाही तेच सांगा. डीव्हीडी आपोआप लागते पण डबलबारी लागत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा घोळ इथेच असतो. कुठेतरी "टेक नो अ‍ॅक्शन" निवडलेलं असलं तर विंडोज इमानदारीत काहीच करत नाही. खाली "सेव्ह" करायला विसरू नका. यादीत फारच गोंधळ दिसला तर तळाशी "रीसेट ऑल डिफॉल्ट्स" आहे, ते दाबून पहिल्यापासून निवडा.

एवढं करूनही हलत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजी अक्षरांत सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. लांबलचक यादी येईल. त्यात "शेल हार्डवेअर डिटेक्शन" शोधा. डिस्क आली हे ऑटोप्लेला कळवणारी सर्व्हिस हीच. ती "रनिंग" हवी आणि तिचा प्रकार "ऑटोमॅटिक" हवा. मशीन फास्ट करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरनी ही बंद केलेली मला कितीदा तरी सापडली आहे. असल्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत चांगलं नाही.

जुन्या मशीनवर अजून एक भानगड असते. २००८ च्या शेवटी कॉन्फिकर नावाचा व्हायरस पसरला, तो पेन ड्राइव्हमधून ऑटोरनच्या, म्हणजे लावल्या लावल्या प्रोग्राम आपोआप चालू करायच्या सोयीच्या वाटेने शिरायचा. त्यानंतर सायबर कॅफेवाल्यांनी, ऑफिसांनी आणि आम्ही दुरुस्तीवाल्यांनीही ऑटोप्ले पार मुळापासून बंद करून ठेवला. तेव्हा ते बरोबरच होतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हे कुलूप ग्रुप पॉलिसीमध्ये "ऑटोप्ले पॉलिसीज"खाली असतं. "टर्न ऑफ ऑटोप्ले" हे "एनेबल्ड" असेल तर "नॉट कॉन्फिगर्ड" करा. नाव उलटं आहे, जरा थांबून वाचा. होम आवृत्तीत ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या आतल्या वहीत, "नोड्राइव्हटाइपऑटोरन" या नावाने बसतं, आणि तिथे एफएफ हा आकडा दिसला तर सगळ्याच ड्राइव्हचं तोंड बांधलेलं आहे. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कुलूप कंपनीचं आहे, ते काढायच्या फंदात पडू नका, व्हीएलसीतून हाताने लावा.

आणि सगळं बरोबर असून कोपऱ्यातली "या डिस्कचं काय करू?" ही पट्टी येत नसेल, तर "डू नॉट डिस्टर्ब" चालू आहे का ते बघा. मुंबईच्या ऑफिसच्या मीटिंगसाठी लावलेलं ते गावाला आल्यावरही तसंच राहतं.

आता डिस्क

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या हवेत खरी गंमत इथेच आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे भिंतींना घाम फुटतो, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या डिस्कचं काय होईल? चकचकीत बाजूला पांढरट ठिपके किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. वरवरची असेल तर निघते. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि जुन्या धुवट सुती कापडाचा तुकडा. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. डिस्कवरचा मजकूर गोल गोल लिहिलेला असतो, त्यामुळे त्याच दिशेने चरा पडला तर सलग मोठा तुकडा जातो. आडवा चरा पडला तर प्रत्येक फेऱ्यातलं थोडंथोडंच जातं आणि तेवढं ड्राइव्ह सांभाळून घेतो. पुसून झालं की पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, वाकते. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको. आणि खोबरेल तर नकोच! एका आजींनी डिस्क "चिकाट झाली" म्हणून खोबरेल चोळून आणली होती. केसांना लावलं असतं तर उपयोग झाला असता.

डिस्क उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकताना दिसली तर आतला धातूचा थर खाल्ला गेला आहे, ते पुसून जाणारं नाही. सीडी आणि व्हीसीडीत हा थर अगदी वर, चित्र छापलेल्या बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. म्हणून व्हीसीडीला खालून ओरखडा पडला तर चालतं, पण वरून स्टिकर उचकटला किंवा बॉलपेनने नाव कोरलं तर ती गेली. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती वरच्या बाजूने जास्त सोसते.

डिस्क स्वच्छ आहे तरी ड्राइव्ह वाचत नाही? तीन तऱ्हेच्या डिस्क घालून बघा: दुकानातून घेतलेली कंपनीची डीव्हीडी, एखादी व्हीसीडी किंवा गाण्यांची सीडी, आणि घरी किंवा व्हिडिओवाल्याने बर्न केलेली डीव्हीडी. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा. ड्राइव्हमध्ये दोन्ही वेगवेगळे असतात आणि ते वेगवेगळे मरतात. व्हीसीडी झकास चालते पण एकही डीव्हीडी लागत नाही असं असेल तर डीव्हीडीचा लेझर थकला आहे, आणि तेव्हा मात्र नवा ड्राइव्ह घ्यावा. कंपनीची डीव्हीडी चालते पण बर्न केलेली चालत नाही, तर भिंगावर धूळ असण्याचा संभव जास्त, कारण बर्न केलेल्या डिस्कवरून उजेड मुळातच कमी परत येतो.

लॅपटॉपच्या आणि बाहेरून जोडायच्या पातळ ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच असतं, ट्रे बाहेर ओढला की निळसर थेंब दिसतो. आधी रबरी फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. तरी नाही जमलं तर कानाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद एकदा फिरवा. दाब देऊ नका, भिंग तारांवर लटकलेलं असतं. मोठ्या डेस्कटॉप ड्राइव्हचं भिंग खोलल्याशिवाय दिसत नाही.

एसी गाडीतून आलेला लॅपटॉप उतरवल्या उतरवल्या डिस्क घालू नका. थंड भिंगावर आपल्या दमट हवेचं दव धरतं आणि ड्राइव्ह तासभर आंधळा होतो. चहा घ्या, आंघोळ करा, मग लावा.

बर्न केलेली डिस्क कुठल्याच कॉम्प्युटरवर दिसत नसेल, पण तुमच्या जुन्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यावर चालत असेल, तर तिचं फायनलाइज, म्हणजे इतर मशीनना वाचता येईल असं शेवटचं बंद करणं, राहिलं आहे. ते त्याच रेकॉर्डरच्या मेनूतून करावं लागतं. कॅमेऱ्याच्या त्या छोट्या आठ सेंटीमीटरच्या डिस्क असतील तर ट्रे नसलेल्या, नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकतात.

दुबई, मस्कतहून आणलेल्या डीव्हीडींचं वेगळंच. पिक्चरच्या डीव्हीडींना जगाचे भाग पाडून आकडे दिलेले आहेत. भारत पाचमध्ये, आखाती देश दोनमध्ये. ड्राइव्ह एका वेळी एकच आकडा मानतो आणि तो फक्त पाच वेळा बदलता येतो. शेवटचा बदल कायमचा. विंडोजने विचारलं की लगेच "होय" म्हणू नका, आधी व्हीएलसीत लावून बघा, तो बऱ्याचदा आकडा न बदलता चालवतो.

ड्राइव्हच दिसत नसेल तर

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर आधी वीज बघा. साधं यूएसबी २ चं भोक ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९०० आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह त्याहून जास्त मागू शकतो. टक-टक आवाज येऊन थांबतो तो याच उपासमारीने. चार भोकांच्या स्वस्तातल्या हबमधून काढा, थेट लॅपटॉपला लावा. ड्राइव्हच्या वायरीला दोन टोकं असतील तर दुसरं टोक शोभेचं नाही, तेही लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या भोकात लावा.

समुद्राजवळच्या घरात यूएसबीच्या आतले पितळी पट्टे हिरवट-काळे पडतात. मशीन बंद करून तेच अल्कोहोल आणि काडी वापरा. डेस्कटॉपच्या आतल्या वायरी असतील तर काढून पुन्हा घट्ट बसवणं एवढ्यानेही काम होतं.

मग स्टार्टवर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडा. "डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज"मध्ये तुमचा ड्राइव्ह असेल तर उजवी टिचकी, "अनइन्स्टॉल", आणि मशीन पुन्हा चालू करा. विंडोज तो स्वतः परत बसवतो. पिवळं चिन्ह आणि १९, ३१, ३२ किंवा ३९ असा कोड दिसला तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत "अप्परफिल्टर्स" आणि "लोअरफिल्टर्स" नावाची घाण सोडलेली असते. ती काढली की ड्राइव्ह परत येतो. हे दुकानातलं काम, पण एवढ्यासाठी ड्राइव्ह बदला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ट्रे उघडतच नसेल तर पुढच्या पट्टीवर टाचणीएवढं भोक असतं. मशीन बंद करा, कागदाची यू-पिन सरळ करून त्यात सरळ दाबा, ट्रे बोटभर पुढे येईल, मग हाताने ओढा.

एकदा लागली की लगेच उतरवून घ्या

घरची डिस्क लागली तर ती पुन्हा लागेलच याची खात्री धरू नका, त्याच बसणीत उतरवून घ्या. घरगुती डीव्हीडीचं आख्खं "व्हिडिओ टीएस" फोल्डर हार्ड डिस्कवर ओढून टाका. भरलेली साधी डीव्हीडी ४.७ जीबी म्हणून विकली जाते पण विंडोज ती ४.३७ दाखवतो, काही राहिलं असं समजू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. आतल्या व्हीओबी फाइली प्रत्येकी एक जीबीच्या आत असतात, त्यामुळे जुन्या पेन ड्राइव्हवरही बसतात. व्हीसीडीची डीएटी फाइल तशीच उचला, व्हीएलसी ती चालवतो. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासच मावतो, तेव्हा नाटकाच्या दोन-तीन डिस्क असतील तर फाइलींना लगेच क्रमांक द्या, सगळ्यांची नावं सारखीच असतात आणि राक्षस आधी मरून मग जन्माला येतो.

टीव्हीवर बघायचं असेल तर हँडब्रेक या फुकट प्रोग्रामने एमपी४ करून घ्या. कॉपी मध्येच "सायक्लिक रिडंडन्सी" म्हणून थांबली तर ती जागा वाचता येत नाहीये. डिस्क पुन्हा पुसा आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, आणि शेजारच्या घरातला पंधरा वर्षांचा जुना डेस्कटॉप अशा वेळी नव्या ड्राइव्हपेक्षा चांगलं वाचून जातो.